हाव, मीच

कौन्सिलला फोन लावायचा असला की आमच्या सिस्टर आधी कोपरापर्यंत हात धुतात. साबण लावून, नखांच्या फटींतून, मनगटाभोवती गोल गोल घासून, आणि मग नळ कोपरानं बंद करायचा अशी त्यांची शिस्त. माझ्या दुकानामागच्या बेसिनचा नळ पकडीनंसुद्धा धड बंद होत नाही, त्यामुळे तो बंद करायला मला काउंटर सोडून जावं लागतं. मग सिस्टर दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरून बाहेर येतात, कोपरावरून पाणी माझ्या फरशीवर टपटपतं, आणि त्या म्हणतात, "लाव."

धुतलेल्या हातांना आता काही लागायचं नसतं. म्हणून फोन मी लावायचा, मीच त्यांच्या तोंडापुढे धरायचा आणि स्पीकर चालू ठेवायचा. दुकानात सातबाऱ्याला, उत्पन्नाच्या दाखल्याला आलेल्या माणसांची रांग असते. एखादं नवखं गिऱ्हाईक असलं तर त्याला वाटतं, बाईला कोणी पिस्तूल दाखवलंय. एकदा सुलतानपूरकडचा एक म्हातारा हे बघून दाखला न घेताच निघून गेला होता.

"सिस्टर, फोनला जंतू लागत नाहीत," मी एकदा म्हणून पाहिलं.

"मोठ्या कामाले हात धुवाच लागते," त्या म्हणाल्या. "कौन्सिल म्हणजे काय पानठेला हाये?"

कौन्सिल म्हणजे नर्सांची आणि सुईणकाम शिकलेल्या बायांची नोंदणी ठेवणारं, लांबच्या शहरातलं ऑफिस. तिथल्या नोंदणीत नाव असलं तर तुम्ही नर्स. नसलं तर पांढरी साडी नेसलेली एक बाई. मेहकरच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे आणि अर्ज भरणं, अडकलेल्या अर्जासाठी ठिकठिकाणी फोन लावणं हाच माझा धंदा. माझं नाव गजानन. आमच्या जिल्ह्यात हे सांगायचं कारण नसतं. स्टँडवर उभं राहून गजानन अशी हाक मारा, चारजण वळतात आणि त्यातला एक कंडक्टर असतो.

सिस्टरनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत काढली. रिटायर झाल्या आणि त्याच महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या खाजगी प्रसूतिगृहात जाऊ लागल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण लेबर रूममध्ये पोटावर हात ठेवून बाळ कुठे आहे हे सांगायचं काम त्या सिस्टरवर सोडून मोकळ्या होतात. सिस्टर एकट्या राहतात, माझ्या घरापासून तिसऱ्या घरात. दारावर पाटी नाही. पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे "सिस्टरचं घर" एवढंच विचारतात आणि पोचतात.

आयुष्यभर एकच काम केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना बाळंतपण वाटते. माझ्या कॉम्प्युटरवर फोटो अपलोड होत असला की ती निळी पट्टी सरकते ना, तिच्याकडे सिस्टर वाकून बघतात. पट्टी अर्ध्यावर अडकली की हळू आवाजात म्हणतात, "दम धर. जोर नको लावू. दम धर." मी बटणं दाबायला गेलो की माझ्या हातावर चापट. पट्टी पुढे सरकली की "आलं, आलं, डोकं दिसलं!" आणि पूर्ण झाली की रांगेकडे वळून, "सुटली बाप्पा." माझ्या प्रिंटरमध्ये कागद अडकला तर त्या मला ओढू देत नाहीत. "खांदा अडकला हाये. फिरवून काढ." आता सांगायला लाज वाटते, पण फिरवून काढला की तो न फाटता येतो.

माणसं त्या चेहऱ्यावरून नाही, जन्मावरून ओळखतात. रांगेत एक ताठ कॉलरचा पुढारी माझ्यावर आवाज चढवत होता, माझा अर्ज आधी घे म्हणून. सिस्टरनी त्याला खालीवर पाहिलं. "हा नाळ गळ्यात घालून आलता. तवापासूनच घाई." पुढारी गप्प रांगेत जाऊन उभा राहिला. बँकेतला एक साहेब पायाळू आहे हेही आम्हाला सिस्टरमुळेच कळलं, आणि तेव्हापासून कंबर धरलेली माणसं लाथ मारून घ्यायला त्याच्या टेबलाशी जातात. माझाही जन्म त्यांच्याच हातचा, साखरखेर्ड्याला, तेव्हा त्यांची नेमणूक तिथे होती. "तू रडलाच नव्हता बे," असं त्या मला गिऱ्हाइकांसमोर सांगतात. "उलटा धरून चापटा मारल्या तवा कुठं तोंड उघडलं. आता बंद होत नाही."

आणखी एक खोड सांगितली पाहिजे. बाळ पुसून, गुंडाळून आईकडे देण्याआधी सिस्टर त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटतात. काय ते कोणाला माहीत नाही. माझ्या आईचं म्हणणं, देवाचं नाव घेतात. माझ्या शेजारच्या दुकानातले रफिकभाई टेलर म्हणतात, "अजान तो हम देते, पर सिस्टर उसके पैले क्या बोलती, वो लेकराले मालूम या अल्लाह को." रफिकभाईंनी एकदा सरळ विचारलंही होतं. सिस्टर म्हणाल्या, "तुह्या पोराले सांगतलं, तुले नाही."

तर अशा सिस्टरची नोंदणी संपत आली.

आजवर त्या दर काही वर्षांनी पोस्टानं कागद पाठवत आणि नोंदणी पुढे चालू राही. आता सगळं ऑनलाइन झालं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, तपासणीवाले येतात, चालू नोंदणी नसलेल्या बाईला मला लेबर रूममध्ये उभं करता येणार नाही. सिस्टर माझ्याकडे आल्या. मी त्यांचं आधार घेतलं, माहिती भरली, आणि पट्टी अर्ध्यावरच थांबली. सिस्टर बराच वेळ "दम धर" म्हणत राहिल्या, पण स्क्रीनवर लाल अक्षरं आली. आधारवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळत नाही.

म्हणून पहिला फोन झाला. हात धुऊन, वर धरून. पलीकडे एक तरुण बाई होती, सर्दीनं आवाज बसलेला. तिनं नोंदणी क्रमांक विचारला, सिस्टरनी तो एका दमात सांगितला. मग थोडा वेळ बटणांचा आवाज आला.

"वेणू तुळशीराम इंगळे. बरोबर?"

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "मीच."

मी फोन धरल्या हातानं आधारकडे पाहिलं. तिथे होतं, शोभा भास्कर खरात. रांगेतली माणसंही सिस्टरकडे बघायला लागली. एवढी वर्षं त्यांना काही नाव असेल असा विचार कोणी केलाच नव्हता, आणि आता एकदम दोन निघाली.

फोनवरच्या बाईनं नीट समजावून सांगितलं. लग्नानंतरचं नाव कौन्सिलकडे कधी कळवलेलं नाही, तेव्हा लग्नाचा दाखला किंवा राजपत्र जोडून नावबदलाचा अर्ज करा, मग नूतनीकरण होईल. साधं काम होतं. सिस्टर "बरं, बरं" म्हणाल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर्दी झाली काय वो बाई तुले? ओवा टाकून वाफ घे."

मला वाटलं, आता कागद घेऊन येतील. पुढच्या आठवड्यात आल्या त्या हात धुवायलाच. पुन्हा फोन, पुन्हा क्रमांक. वेणू तुळशीराम इंगळे, बरोबर? हाव, मीच. पुन्हा तीच माहिती. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. कधी लाइन लागायची नाही, कधी कॅसेट वाजत राहायची, आणि सिस्टर हात वर धरून शांत उभ्या. माझा हात भरून यायचा, त्यांचा नाही.

एक दिवस मी चिडलो. "सिस्टर, उत्तर तेच येणार आहे. ती बाई काय दर आठवड्याला नियम बदलते का?"

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "लाव."

त्या दिवशी मी पहिल्यांदा फोनकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. पलीकडून नाव आलं आणि त्यांचे उचललेले खांदे खाली आले. पुढची राजपत्राची माहिती त्या ऐकतच नव्हत्या. त्यांचं काम तेवढ्यात झालेलं होतं.

महिना संपत आला आणि डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की आता आत येऊ नका. दुपारची वेळ होती. लाइट गेलेली, त्यामुळे दुकानात कोणी नव्हतं. सिस्टर माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

मी म्हणालो, "एका अर्जाचं काम आहे. काऊन अडवून बसल्या?"

माझ्या तोंडी आलेल्या घरच्या बोलीला त्या जरा हसल्या. मग म्हणाल्या, "लग्नात ते तांदुळाचं ताट मांडते ना बे? नवरा अंगठीनं नवरीचं नाव लिहिते?"

"हो."

"जळगाव जामोदले लग्न झालं माहं. ताट समोर आलं, त्यायनं अंगठीनं लिहिलं. सगळ्या बाया हसल्या, टाळ्या वाजवल्या. मी वाकून वाचलं, शोभा. मले वाटलं, त्यायच्या मायचं नाव असंल." त्या स्वतःच हसल्या. "इचारलं नाही कोणी. माह्या बापानं वेणू ठेवलं होतं. ट्रेनिंगले गेली तवा वेणू होती. कौन्सिलात गेलं तेही वेणूच."

लग्न टिकलं नाही. रात्रीबेरात्री बोलावणं आलं की पिशवी उचलून जाणारी सून सासूला नको होती. नवऱ्यानं नोकरी की घर असं विचारलं आणि सिस्टर पिशवी उचलून निघाल्या त्या परत गेल्या नाहीत. पण तोवर नोकरीच्या कागदांवर, रेशनकार्डावर शोभा भास्कर खरात लागलं होतं. तिथून ते बँकेत गेलं, आधारवर गेलं, पेन्शनीत गेलं.

"माणूस सुटला," सिस्टर म्हणाल्या. "नाव नाही सुटलं. कौन्सिलले कळवाचं राहून गेलं होतं. मंग म्हटलं, राहू दे. एक तर जागा राहू दे."

"घरचे काय म्हणतात तुम्हाला?"

"कोण घरचे? माय गेली, बाप गेला, भाऊ गेला. वेणू म्हणणारं कोणी राह्यलं नाही आता." मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "ते सर्दीवाली म्हणते."

बोलायला काही सुचलं नाही की मी धंद्याचं बोलतो. त्यांना सांगितलं, उलटंही करता येतं. आधारच बदलू, वेणू करू. सिस्टरचे डोळे एकदम माझ्याकडे वळले. पण मग पुढचंही सांगावं लागलं. आधार बदललं की बँक जुळणार नाही, बँक जुळली नाही की पेन्शन अडकेल, पेन्शनीच्या ऑफिसात खेटे घालावे लागतील, हयातीच्या दाखल्याला शोभा कुठे आहे म्हणतील.

"म्हणजे शोभाले मेली म्हणून दाखवा लागंल," त्या म्हणाल्या. "आन् पेन्शन बंद पडली तं खाऊ काय? नाव?"

"मग नोंदणीच सोडा ना सिस्टर. किती दिवस करणार? घरी बसा आरामात."

"घरी कोण रडते बे?" त्या म्हणाल्या.

लाइट आली, पंखा फिरायला लागला. सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, "भर तो अर्ज."

त्या दिवशी त्यांनी हात धुतले नाहीत. लग्नाचा दाखला नव्हताच, म्हणून आधी राजपत्रासाठी अर्ज केला. मधले काही आठवडे गेले. त्या काळात सिस्टर रोज पांढरी साडी नेसून प्रसूतिगृहात जात आणि लेबर रूमच्या बंद दाराबाहेर बाकावर बसत. आतून बाईचं ओरडणं आलं की बाहेरून यांचा आवाज, "दम धर! आताच जोर नको लावू! खाली पाह्य, छातीकडे पाह्य!" आतल्या नव्या नर्सला त्याची मदत व्हायची असं ती स्वतःच सांगते. येणाऱ्याजाणाऱ्यांना मात्र हसू यायचं. दाराशी ओरडणारी म्हातारी बघून कोणाला नाही येणार? बाळ रडलं की सिस्टर उठून उभ्या राहायच्या, दार उघडायचं, बाळ घेऊन दुसरं कोणी तरी बाहेर यायचं, आणि त्या पुन्हा बसायच्या.

राजपत्र आलं. जुने नाव वेणू तुळशीराम इंगळे, नवीन नाव शोभा भास्कर खरात. सिस्टरनी ते हातात धरून वाचलं. "नवीन म्हणते," एवढंच बोलल्या. मी ते कौन्सिलच्या अर्जाला जोडलं. अपलोडची पट्टी नेहमीसारखी मध्येच अडकली. मी सवयीनं हात मागे घेतला आणि वाट पाहिली. सिस्टर काही म्हणाल्या नाहीत. शेवटी मीच हळूच "दम धर" म्हणालो. पट्टी सरकली, भरली, आणि "सुटली" म्हणायला कोणी नव्हतं.

काही दिवसांनी मंजुरीचा मेसेज आला. नोंदणी चालू झाली. मी दुकान रफिकभाईंवर सोडून धावत सिस्टरच्या घरी गेलो आणि मोबाइल दाखवला. त्यांनी वाचला, मान हलवली, चप्पल पायात घातली आणि माझ्याबरोबर दुकानात आल्या. सरळ मागच्या बेसिनकडे गेल्या.

"सिस्टर, झालं काम. आता कशाला फोन?"

"लाव," त्या म्हणाल्या.

रांगेतल्या माणसांनी जागा करून दिली, आता सगळ्यांना सवय झाली होती. मी नळ बंद केला, फोन लावला, स्पीकर चालू केला. तीच बाई होती. आवाज मोकळा झालेला. सिस्टरनी क्रमांक सांगितला.

"शोभा भास्कर खरात. बरोबर?"

कोपरावरून पाणी फरशीवर पडत होतं, तेवढाच आवाज.

"मॅडम? आहात का लाइनवर?"

"हाव," सिस्टर म्हणाल्या. आणि मी "मीच"ची वाट पाहिली, पण ते आलं नाही.

"तुमचं सगळं झालंय मॅडम," ती बाई आपुलकीनं म्हणाली. "आता तुम्हाला फोन करायची गरज नाही."

"बरं. सर्दी गेली तुही?"

"हो, गेली. ओव्याची वाफ घेतली मी."

"छान केलं," सिस्टर म्हणाल्या, आणि मी फोन बंद केला. मला फार वाईट वाटलं. खरं तर माझं काम चोख झालं होतं, एकही कागद परत आला नव्हता.

सिस्टरनी हात खाली केले. एरवी त्या ते वाळेपर्यंत वरच धरतात. आज पदरालाच पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आता लेबर रूममध्ये जाल ना आजपासून?"

"आताच चालली. वडगावची पहिलटकरीण आली हाये सकाळी."

त्या पायरीपर्यंत पोचल्या होत्या. मला काय झालं कोण जाणे, मी मागून विचारलं, "सिस्टर, तुम्ही त्या लेकरांच्या कानात काय सांगता?"

शेजारच्या दुकानात रफिकभाईंचं शिलाई मशीन थांबलं.

सिस्टर वळल्या. वाटलं, मलाही रफिकभाईंचंच उत्तर मिळणार. पण त्या म्हणाल्या, "काय सांगन बे? मी कोण ते सांगते. नवीन जागी येते लेकरू, त्याले काहीच मालूम नसते. पहिले जो हातात घेते त्यानं आपलं नाव सांगावं की नाही? म्हणते, मी वेणू. भिऊ नको."

"मलाही सांगितलं होतं?"

"तुले दोनदा सांगतलं. तू रडत नव्हता ना."

आणि त्या पायऱ्या उतरून प्रसूतिगृहाकडे चालू लागल्या. रांगेतले चारपाचजण तसेच उभे होते. त्यांतले निदान तिघे सिस्टरच्याच हातचे. रफिकभाईंनी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

माझं नाव मला बाराव्या दिवशी मिळालं, तेही आमच्या जिल्ह्यात हजारोंनी वापरलेलं. त्याआधी जगात मला एकच नाव ठाऊक होतं, दोनदा सांगितलेलं, आणि नेमकं तेच मी विसरून बसलो होतो.